ऑनलाइन गेमवर मराठीत लिहायचंय? गेम बंद पडला तरी वाचक टिकवण्यासाठी काय करावं

२८ जुलै २०२२ च्या संध्याकाळी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' म्हणजेच बीजीएमआय हा गेम गूगल प्ले स्टोअर आणि ॲपल ॲप स्टोअरवरून अचानक दिसेनासा झाला. त्याच महिन्यात या गेमची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली होती. खेळणाऱ्यांची मोठी निराशा झाली, पण आणखी एका गटाला त्याहून मोठा फटका बसला. या गेमच्या टिप्स, बातम्या आणि नकाशांवर रोज लिहिणाऱ्या लोकांकडे दुसऱ्या दिवशी लिहायला विषयच उरला नाही.

गेम परत आला, पण त्याला दहा महिने लागले. तोपर्यंत ज्यांचे वाचक फक्त नव्या स्किनच्या बातमीसाठी येत होते, त्यांच्याकडे कुणी फिरकायचं कारण नव्हतं.

आज गेमवर लिहिणं सोपं आहे. फोन, इंटरनेट आणि थोडा वेळ एवढं पुरतं. नवी मुंबईत नेरूळच्या सेक्टर ६ ला लागून असलेल्या सारसोळे गावातला एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी आज रात्री ब्लॉग सुरू करू शकते. प्रश्न सहा महिन्यांनंतरचा असतो. तो ब्लॉग वाढवायचा कसा, चालू ठेवायचा कसा आणि कायद्याच्या अडचणीत न येता त्यातून काही कमवायचं कसं, हे समजून घेऊ.

हा विषय इतका बेभरवशाचा का आहे?

क्रिकेटवर लिहिणाऱ्याला उद्या क्रिकेट बंद होईल अशी भीती नसते. ऑनलाइन गेमचं तसं नाही. गेम कंपनीच्या मालकीचा असतो, तो कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि सरकारच्या परवानगीने देशात राहतो. भारतात गेल्या काही वर्षांत काय झालं ते पाहा:

- २ सप्टेंबर २०२०: केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ११८ ॲप्सवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल होता.
- २ जुलै २०२१: दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने भारतासाठी बीजीएमआय अँड्रॉइडवर आणला.
- फेब्रुवारी २०२२: आणखी ५४ ॲप्सवर बंदी आली. त्यात गरेनाचा फ्री फायर होता. फ्री फायर मॅक्स मात्र चालू राहिला.
- २८ जुलै २०२२: बीजीएमआय दोन्ही स्टोअरवरून हटवला गेला.
- मे २०२३: बीजीएमआय तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर परतला. १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि बाकीच्यांना ६ तास अशी खेळण्याची मर्यादाही आली.
- ऑगस्ट २०२५: संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदीची तरतूद झाली. ड्रीम११ सारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

पाच वर्षांत इतके धक्के बसले. त्यामुळे गेमवर लिहिणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट धरून चालावी. गेम दुसऱ्याचा आहे, आपल्या हातात फक्त वाचक आहे. पुढची प्रत्येक टिप याच गोष्टीवर उभी आहे.

गेम कसा निवडायचा?

सगळ्यात जास्त खेळला जाणारा गेम निवडणं हा सर्वांना सुचणारा मार्ग आहे. तिथे गर्दीही सर्वात जास्त असते. मुंबईचा नमन माथुर ('मॉर्टल') किंवा मिथिलेश पाटणकर ('मिथपॅट') यांच्यासारखे क्रिएटर हिंदीतून लाखो लोकांपर्यंत पोहोचतात. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ज्या गेमर्सची भेट घेतली, त्यात हे दोघेही होते. त्यांच्याशी त्यांच्याच मैदानात स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

निवड करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. हा गेम मी स्वतः आठवड्यातून किती वेळा खेळतो? खेळ थांबला की लिखाणातला जीव जातो आणि वाचकाला ते लगेच कळतं.

२. या गेमबद्दल लोक मला प्रत्यक्ष काय विचारतात? मित्र, भावंडं, सोसायटीतली मुलं यांचे प्रश्न हीच तुमची पहिली दहा लेखांची यादी.

३. हा गेम उद्या बंद झाला तर माझ्या लेखांपैकी किती लेख वाचण्यासारखे राहतील? उत्तर 'एकही नाही' असेल, तर विषय थोडा रुंद करा. 'बीजीएमआय' ऐवजी 'मोबाइलवरचे शूटिंग गेम' किंवा 'मोबाइल ईस्पोर्ट्स' असा.

बुद्धिबळाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तो ऑनलाइनही खेळला जातो, पण खेळ कुठल्याच कंपनीच्या मालकीचा नाही. मुंबईचा इंटरनॅशनल मास्टर सागर शाह आणि त्याची सहसंस्थापक अमृता मोकळ यांनी 'चेसबेस इंडिया' उभं केलं, त्यात स्पर्धांचे वृत्तांत, फोटो आणि खेळाडूंच्या मुलाखती यांचा मोठा वाटा आहे. एखादं ॲप बंद पडलं तरी असं लिखाण जुनं होत नाही, कारण ते माणसांबद्दल असतं.

लिहायचं कोणासाठी?

'सर्व गेमर्ससाठी' हे उत्तर फार मोघम आहे. सारसोळ्यातल्या गल्लीत डोकावलं तरी गेमशी संबंध असलेले निदान चार प्रकारचे लोक दिसतील.

पहिला, स्वस्त फोनवर खेळणारा शाळकरी मुलगा. त्याचा प्रश्न असतो, 'माझ्या फोनवर गेम अडकतो, सेटिंग काय ठेवू?' दुसरी, कॉलेजच्या फेस्टमधल्या स्पर्धेत उतरणारी मुलगी. तिला नियम, गुण मोजायची पद्धत आणि टीम कशी बांधायची हे हवं असतं. तिसरा, खेळणं सोडलेला पण स्पर्धा बघणारा नोकरदार. नेरूळहून लोकल पकडली की त्याला पाच मिनिटांत कालच्या सामन्यात काय झालं ते वाचायचं असतं.

चौथा वाचक बहुतेक जण विसरतात. तो म्हणजे पालक. मुलगा रात्री कोणाशी बोलतो, 'यूसी' म्हणजे काय, खात्यातून पैसे कसे गेले, हे आईवडिलांना कळत नाही. इंग्रजी लेख त्यांच्या कामाचे नसतात आणि हिंदी व्हिडिओ खेळणाऱ्यांसाठी केलेले असतात. मुलाने नकळत गेममध्ये खरेदी केली, तर गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते, त्यानंतर गेमच्या कंपनीकडे जावं लागतं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय असते. एवढी माहिती सोप्या मराठीत, चित्रांसह दिली, तरी तो लेख घराघरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. गेम बदलला तरी त्याची गरज संपत नाही.

सुरुवातीला या चारपैकी एक किंवा दोनच वाचक निवडा. लेख लिहिताना त्याच माणसाला समोर बसवा.

ओली मासळी आणि सुकी मासळी

पामबीच रस्त्यापलीकडे खाडीवर सारसोळ्याची जेट्टी आहे. कोळीवाड्यात वाढलेल्या कुणालाही हा हिशोब सांगावा लागत नाही. ओली मासळी त्याच दिवशी विकावी लागते, सुकवलेली पावसाळाभर पुरते. घरात दोन्ही लागतात. गेमवरच्या लेखांचंही असंच आहे.

ओले लेख: नवा अपडेट, नवा सीझन, इव्हेंट, स्पर्धेचा निकाल, सर्व्हर बंद असल्याची बातमी. हे पहिल्या काही तासांत वाचले जातात, मग कोणी बघत नाही. नवे वाचक मात्र यांच्यामुळेच येतात.

सुके लेख: गेममधल्या शब्दांचा अर्थ, नवशिक्यांसाठी मार्गदर्शन, कमी रॅमच्या फोनसाठी सेटिंग, स्पर्धेत गुण कसे मोजतात, पालकांसाठी माहिती, खेळाडूंच्या गोष्टी, गेमचा इतिहास. हे पहिल्या दिवशी थोडे वाचले जातात, पण शोधातून महिनोनमहिने लोक येत राहतात.

दोन ओल्या लेखांमागे एक सुका लेख, हे प्रमाण एकट्याने लिहिणाऱ्याला झेपतं. प्रत्येक ओल्या लेखातून एखाद्या सुक्या लेखाची लिंक द्या. बातमीसाठी आलेला माणूस दुसरं काही वाचून गेला, तर तो परत यायची शक्यता वाढते.

सुक्या लेखाचा विषय कसा शोधायचा? एक खरी घटना पाहू. ऑगस्ट २०२० मध्ये बुद्धिबळाचं पहिलं ऑनलाइन ऑलिंपियाड झालं. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. अंतिम सामन्यात जगभर इंटरनेट सेवा विस्कळीत झाली, निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि घड्याळ संपल्यामुळे त्यांचे डाव गेले. भारताने दाद मागितली आणि शेवटी भारत आणि रशिया दोघांना संयुक्त सुवर्ण मिळालं. निकालाची बातमी एका दिवसात शिळी झाली. पण 'ऑनलाइन स्पर्धेत नेट गेलं तर निकाल कसा लावतात?' हा लेख आजही वाचण्यासारखा आहे. तीच दिव्या २८ जुलै २०२५ रोजी महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा असा जुना लेख हाताशी असलेल्याला नवे वाचक आपोआप मिळाले असते.

भाषा कशी ठेवायची?

गेमची भाषा इंग्रजीतून आली आहे आणि खेळणारे ती तशीच बोलतात. 'लूट', 'झोन', 'स्क्वॉड', 'पिंग', 'रँक पुश' हे शब्द बदलायचा हट्ट धरू नका. 'लूट'ला प्रतिशब्द शोधण्यात तर गंमतच नाही, कारण तो इंग्रजीने आपल्याकडूनच घेतलेला आहे. नवख्या वाचकासाठी पहिल्या वेळी अर्ध्या ओळीत अर्थ सांगा आणि पुढे जा. असे सगळे शब्द एका पानावर गोळा केले की तुमचा शब्दकोश तयार होतो.

शीर्षकात गेमचं नाव लोक ज्या पद्धतीने लिहितात तसंच लिहा. 'बीजीएमआय' आणि 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' ही दोन्ही रूपं लेखात एकदा तरी यायला हवीत. मराठी वाचक अनेकदा रोमन लिपीत शोधतो, त्यामुळे पानाच्या पत्त्यात रोमन नाव ठेवणं फायद्याचं असतं.

खेळाडूची मुलाखत घेतली, तर त्याचं बोलणं फार घासूनपुसून काढू नका. आगरी-कोळी बोलीत बोलणाऱ्या मुलाची वाक्यं तशीच राहिली, तर वाचणाऱ्याला ती आपल्या गल्लीतली वाटतात. दुसऱ्या कुठल्या वेबसाइटला ते जमणार नाही.

देखभाल: लिहून झालं की काम संपत नाही

गेमवरचा चुकीचा जुना लेख नसलेल्या लेखापेक्षा जास्त नुकसान करतो. वाचक तुमची सेटिंग वापरून हरतो आणि परत येत नाही. म्हणून:

- प्रत्येक लेखाच्या वर 'शेवटचा बदल' ही तारीख आणि गेमची आवृत्ती लिहा.
- मोठा अपडेट आला की सर्वात जास्त वाचले जाणारे दहा लेख आधी तपासा, मग नवीन लिहा.
- चूक झाली तर गुपचूप पुसू नका. काय बदललं ते एका ओळीत सांगा.
- 'जाहीर झालं' आणि 'झालं' यांत फरक ठेवा. फ्री फायर इंडिया ५ सप्टेंबर २०२३ ला येणार असं जाहीर झालं होतं, पण आदल्या दिवशी ते पुढे ढकललं गेलं. 'उद्या येतोय' असं ठामपणे लिहिणाऱ्यांना लेख बदलावे लागले.
- सगळे लेख आणि फोटो यांची प्रत महिन्यातून एकदा स्वतःकडे उतरवून ठेवा.

वेळापत्रक छोटं ठेवा. आठवड्यातून एक लेख, ठरलेल्या वारी. परीक्षा असेल तर आधीच तसं सांगा आणि दोन सुके लेख लिहून ठेवा. पहिल्या महिन्यात रोज लिहून दुसऱ्या महिन्यात गायब होण्यापेक्षा हे बरं.

वाचक वाढवायचे कसे?

गूगलवरून वाचक यायला वेळ लागतो. तोपर्यंत ओळखीच्या वर्तुळातून सुरुवात करा. नेरूळ, जुईनगर, सीवूड्स परिसरातल्या कॉलेजच्या स्पर्धा, सोसायटीतले सामने यांचे निकाल आणि छोट्या मुलाखती छापा. स्वतःचं नाव छापून आलं की खेळाडू ते दहा जणांना पाठवतो.

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर लेखातला एकच मुद्दा ३० सेकंदांत दाखवा आणि सविस्तर माहितीसाठी लेखाकडे बोलवा. मात्र वाचकांशी थेट संपर्काची स्वतःची सोय ठेवा, उदाहरणार्थ ईमेल यादी. सोशल मीडियावरचं खाते बंद पडलं तर तिथले फॉलोअर्सही जातात.

दोन सवयी टाळा. 'फुकट डायमंड मिळवा' असली शीर्षकं एकदाच फसवतात. आणि एआयकडून शेकडो लेख पाडून घेण्याचा मोह नको. नुसतं शोधात वर येण्यासाठी घाऊक मजकूर टाकणाऱ्यांवर गूगलने मार्च २०२४ पासून धोरण कडक केलं आहे.

कमाई आणि कायदा

गूगल ॲडसेन्स मराठी मजकुराला चालतं, पण खातं उघडायला वय १८ पूर्ण लागतं. त्याहून लहान असाल तर पालकांच्या नावाने उघडावं लागतं. सुरुवातीला यातून फार मोठी रक्कम मिळेल असं धरून चालू नका.

कमाईचा विचार करताना चार नियम लक्षात असू द्या.

१. पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात घेऊ नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा जाहिरातीसाठी २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नव्या लिहिणाऱ्याला 'फक्त एक लिंक टाका' म्हणून येणाऱ्या आकर्षक ऑफर अनेकदा अशाच ॲप्सच्या असतात. ईस्पोर्ट्स आणि साधे सामाजिक गेम यांना या कायद्याने वेगळं ठेवलं आहे.

२. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांनुसार हे बंधनकारक आहे. लेख मराठीत असेल तर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' हा शब्दही मराठीत आणि सहज दिसेल असा हवा.

३. स्क्रीनशॉट स्वतःचे वापरा. समीक्षेसाठी मर्यादित वापराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ जागा देतं, पण दुसऱ्याचा अख्खा व्हिडिओ किंवा गाणं उचलणं त्यात बसत नाही. कंपनीचं स्वतःचं धोरण असेल तर तेही वाचा.

४. हॅक, मॉड फाइल किंवा अकाउंटच्या खरेदी-विक्रीबद्दल लिहू नका. वाचकाचं खातं कायमचं बंद होऊ शकतं आणि अशा फाइलमधून फोनमध्ये व्हायरसही येऊ शकतो.

वाचक लहान आहेत, हे विसरू नका

गेमवरच्या लेखांचे बरेच वाचक १८ वर्षांखालचे असतात. स्पर्धेचा निकाल छापताना मुलांचं पूर्ण नाव, शाळा आणि फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. गेममधलं टोपणनाव पुरतं. त्यांचे फोन नंबर मागू नका, गेमचा आयडी आणि पासवर्ड तर कधीच नाही. एकदा 'हा माणूस आपल्या पोरांची काळजी घेतो' असं पालकांना वाटलं, की गल्लीतला तुमचा सर्वात मोठा पाठिंबा तेच होतात.

पहिले ९० दिवस: काय करायचं?

पहिला महिना: वाचक ठरवा. पाच सुके लेख लिहा, त्यात एक शब्दकोश आणि एक पालकांसाठी.

दुसरा महिना: आठवड्याला एक लेख, त्यातले दोन ताज्या घडामोडींवर. जवळच्या एका स्पर्धेला जाऊन निकाल आणि एक मुलाखत करा.

तिसरा महिना: कोणते लेख लोक शेवटपर्यंत वाचतात ते पाहा. चाललेल्या तीन लेखांना अद्ययावत करा, न चाललेल्यांची शीर्षकं बदला. जाहिरातीचा विचार आता करा, त्याआधी नको.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मी खूप चांगला खेळाडू नाही. तरी लिहू शकतो का?*
हो. नवशिक्याच्या अडचणी नुकत्याच शिकलेल्याला जास्त आठवतात. फक्त स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेऊ नका.

*लिहू की व्हिडिओ करू?*
दोन्ही चालतात. सेटिंग, नियम, पैसे परत मिळवायची पद्धत अशा पुन्हा पुन्हा बघाव्या लागणाऱ्या गोष्टी लिखाणात सोप्या जातात. प्रत्यक्ष खेळ व्हिडिओत कळतो.

*गेमवर अचानक बंदी आली तर पहिल्या दिवशी काय करायचं?*
अफवा टाकू नका. सरकार किंवा कंपनीने अधिकृतपणे काय सांगितलं तेवढंच लिहा. मग खेळाडूंच्या खऱ्या प्रश्नांवर लेख करा. माझ्या खात्याचं काय होईल? घेतलेल्या वस्तूंचे पैसे परत मिळतील का? ठरलेली स्पर्धा होणार का? त्या आठवड्यात लोकांना याच उत्तरांची गरज असते आणि ती ज्याच्याकडे मिळाली, त्याचं नाव पुढचा गेम आल्यावरही त्यांच्या लक्षात राहतं.